परदेशी जोडीदाराला भारतात आणताना : व्हिसाची वाट विवाहनोंदणीपासून सुरू होते

वाराणसी : काशीतील नारद घाटावर पती-पत्नीने एकत्र स्नान केल्यास दोघांत कलह होतो, अशी जुनी लोकसमजूत आहे. त्याच्या शेजारचा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाने ओळखला जातो. राजा घाट हे त्याचे दुसरे नाव. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र असलेले अमृतराव १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून वार्षिक सात लाख रुपयांच्या तनख्यावर काशीत स्थायिक झाले. त्यांच्यामुळे आणि इतर मराठी घराण्यांमुळे या नगरीशी मराठी माणसाचे नाते घट्ट झाले. आज याच घाटांवर संगीत, संस्कृत वा योगाच्या ओढीने जगभरातून माणसे येतात आणि त्यांतील काहींच्या ओळखींचे रूपांतर विवाहात होते. अशा दांपत्यांची ताटातूट मात्र गंगास्नानाने होत नाही. चुकीचा व्हिसा आणि अपुरी कागदपत्रे यांमुळे ती होऊ शकते.

परदेशी जोडीदारासाठी ‘पती-पत्नी व्हिसा’ या नावाचा स्वतंत्र प्रकार भारतात नाही. पर्यटक व्हिसा, ‘एक्स’ प्रवर्गातील प्रवेश व्हिसा आणि ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजेच ओसीआय कार्ड, या तीन वाटांचा प्रामुख्याने विचार होतो. भारतीय जोडीदार पती असो वा पत्नी, नियम दोघांनाही सारखेच आहेत. यांपैकी कोणती वाट खुली होईल, हे व्हिसाचा अर्ज भरताना नव्हे, तर विवाह कोणत्या कायद्याखाली झाला आणि त्याची नोंद केव्हा झाली, यावरून आधीच ठरलेले असते.

विवाह कोणत्या कायद्याखाली?

घाटावर अग्नीच्या साक्षीने झालेल्या विवाहाला कुटुंबाच्या दृष्टीने पूर्ण प्रतिष्ठा असते. कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार वधू आणि वर दोघेही हिंदू असणे आवश्यक आहे. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हा कायदा लागू आहे. जोडीदारांपैकी एक अन्यधर्मीय असेल आणि धर्मांतराची इच्छा नसेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हाच भारतातील स्वाभाविक मार्ग ठरतो.

या कायद्याखाली दोघांपैकी किमान एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य झालेले असावे लागते. त्यानंतर विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस दिली जाते आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून आक्षेपांसाठी ३० दिवसांची मुदत असते. नोटिशीनंतर तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही, तर ती नोटीस निरर्थक ठरते. परदेशी जोडीदार अविवाहित आहे, असे त्याच्या देशाच्या दूतावासाचे प्रमाणपत्रही साधारणपणे मागितले जाते.

धार्मिक विधींनी आधीच झालेल्या विवाहाची नोंद याच कायद्याच्या कलम १५ खाली करता येते. परंतु तेथे दोघांचेही जिल्ह्यातील ३० दिवसांचे वास्तव्य आणि त्यानंतर पुन्हा ३० दिवसांची आक्षेपमुदत अपेक्षित आहे. म्हणजेच ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर येऊन, विवाह उरकून, नोंदणीचे प्रमाणपत्र घेऊनच परतण्याचा बेत बहुधा गणितातच बसत नाही. अनेक दांपत्यांची पहिली फसगत येथेच होते.

विवाह परदेशात झाला असल्यास तेथील प्रमाणपत्रावर अपोस्टील असणे किंवा भारतीय वकिलातीकडून ते प्रमाणित करून घेणे आवश्यक ठरते. परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोरही विवाह करता येतो. त्यासाठी वधू-वरांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असला पाहिजे.

पर्यटक व्हिसा : भेटीपुरता

पर्यटक व्हिसा सर्वांत लवकर मिळतो, म्हणून तोच सोयीचा वाटतो. परंतु तो भेटीसाठी आहे, संसारासाठी नाही. ई-पर्यटक व्हिसाची मुदत सामान्यतः वाढवून मिळत नाही आणि त्याचे अन्य प्रवर्गात रूपांतरही होत नाही. वकिलातीकडून घेतलेल्या नियमित पर्यटक व्हिसाच्या मुदतीत भारतीय नागरिकाशी विवाह झाल्यास तो प्रवेश व्हिसात बदलून मागता येतो. त्यासाठी नोंदणीकृत विवाहाचे प्रमाणपत्र लागते. दांपत्य एकत्र राहते का, याची चौकशी आणि सुरक्षाविषयक पडताळणीही होते.

मुदत संपूनही देशात राहणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. ‘लग्न झाले आहे, आता कोण विचारतो’ हा समज म्हणूनच महागात पडू शकतो.

प्रवेश व्हिसा : नव्या संसाराची वाट

नवविवाहित दांपत्यासाठी प्रवेश व्हिसा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी पती वा पत्नीला तो भारतीय वकिलातीकडून दीर्घ मुदतीसाठी मिळू शकतो आणि भारतात राहून त्याची मुदत वाढवून घेता येते. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने सामान्यतः आगमनापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची असते. २०१८ पासून ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावरून ही कामे घरबसल्या करता येतात. परदेशी पाहुणा उतरल्याची माहिती २४ तासांत देण्याचे बंधन केवळ हॉटेलांवर नाही, त्याला निवारा देणाऱ्या घरमालकालाही ते लागू होते.

या व्हिसावर नोकरी वा व्यवसाय करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. दोघांच्या कमाईवर घर चालणार असेल, तर ही बाब आधीच विचारात घेणे श्रेयस्कर.

ओसीआय कार्ड : दोन वर्षांनंतरचा टप्पा

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळू शकते. मात्र विवाह नोंदणीकृत असावा आणि अर्जाच्या लगत आधी किमान दोन वर्षे तो अखंड टिकलेला असावा, अशी अट आहे. सुरक्षा यंत्रणांची पूर्वसंमतीही लागते. विवाहाची नोंद उशिरा झाल्यास दोन वर्षांच्या गणनेवरून प्रश्न उभा राहू शकतो. पर्यटक व्हिसावर असताना भारतात हा अर्ज करता येत नाही. अर्जाचे शुल्क भारतात १५,००० रुपये, तर परदेशात २७५ अमेरिकी डॉलर आहे.

ओसीआय कार्डावर आजीवन, कितीही वेळा ये-जा करता येते. राहण्याच्या कालावधीसाठी नोंदणी कार्यालयात जावे लागत नाही. आर्थिक आणि शैक्षणिक बाबतीत कार्डधारकाला बहुतांशी अनिवासी भारतीयासारख्या सवलती मिळतात. शेतजमीन, फार्महाऊस वा मळा मात्र खरेदी करता येत नाही आणि मतदानाचा अधिकारही नसतो. संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण तसेच धर्मप्रसाराच्या कार्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते.

विवाहाच्या आधारे मिळालेले हे कार्ड विवाहावरच अवलंबून असते, ही यातील सर्वांत दुर्लक्षित बाब. न्यायालयाने वा अन्य प्रकारे विवाह संपुष्टात आल्यास कलम ७ड खाली कार्ड रद्द होऊ शकते. काशीत घर, मुले आणि अर्धे आयुष्य असलेल्या परदेशी जोडीदाराला घटस्फोटाबरोबर येथील वास्तव्याचा आधारही गमवावा लागू शकतो.

शेजारी देशांचे वेगळे नियम

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना थेट आपल्या देशातून भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. ललिता घाटावर नेपाळी मंदिर असलेल्या काशीत ही बाब विशेष परिचित आहे. याउलट, जी व्यक्ती स्वतः किंवा जिचे आई-वडील, आजी-आजोबा वा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक आहेत किंवा होते, तिला विवाहानंतरही ओसीआय कार्ड मिळत नाही. ब्रिटन वा अमेरिकेचे पारपत्र हाती असले, तरी हा नियम सुटत नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशातील नागरिकांच्या बाबतीत दीर्घ मुदतीच्या व्हिसाची स्वतंत्र व्यवस्था असून, तिच्या अटी कठोर आहेत.

नागरिकत्व हा शेवटचा टप्पा. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीला सात वर्षांच्या सर्वसाधारण वास्तव्यानंतर कलम ५ खाली नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने मूळ देशाचे नागरिकत्व मात्र सोडावे लागते. वृद्ध आई-वडील परदेशात असलेल्या जोडीदारासाठी हा निर्णय सोपा नसतो. अशा वेळी ओसीआय कार्डावर थांबणे हाही एक मार्ग आहे.

यावरून बहुतेक दांपत्यांसाठी व्यवहार्य क्रम स्पष्ट होतो. आधी योग्य कायद्याखाली विवाह आणि त्याची नोंदणी, मग प्रवेश व्हिसा, दोन वर्षांनंतर ओसीआय आणि मनाची तयारी असल्यास पुढे नागरिकत्व. ज्यांना घाटावरच मुहूर्त साधायचा आहे, त्यांनी तो जरूर साधावा. मात्र पत्रिका छापण्यापूर्वी व्हिसाची मुदत आणि विवाह अधिकाऱ्याच्या ३० दिवसांच्या नोटिशीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.