अकानांचा देव आणि मिशनऱ्यांचा ग्रंथ

गेल्या मे महिन्यात आमच्या कोकणातल्या जुन्या घराचे छप्पर उतरवले, तेव्हा मंगलोरी कौलांच्या राशीत एक कौल हाती आले. त्यावर ‘बासेल मिशन’ ही अक्षरे उमटलेली होती. धर्मप्रचाराचा आणि कौलांचा संबंध काय, हे कोडे सोडवायला मी ग्रंथालयात गेलो. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी १८१५ साली स्थापन झालेल्या या मिशनने १८३४ साली मंगळूरला ठाणे मांडले आणि १८६५ साली तेथे कौलांचा कारखाना काढला, एवढी माहिती मिळाली. पण वाचता वाचता मी भलत्याच देशी जाऊन पोहोचलो. मंगळूरला येण्यापूर्वी सहा वर्षे, १८२८ साली, याच मिशनची माणसे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गोल्ड कोस्टवर, उतरली होती. हाच प्रदेश १९५७ साली ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाला. तेथे मिशनची गाठ अकान लोकांशी पडली. त्या गाठीभेटीतून काय निपजले, ते वाचकांपुढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

असांते, फांते, अक्वापेम, अक्येम इत्यादी समाज मिळून अकान होतात. घानाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या त्यांची आहे. या लोकांना देव ठाऊक नव्हता आणि तो मिशनऱ्यांनी नेऊन दिला, असा जर कोणाचा समज असेल तर तो साफ चुकीचा आहे. न्यामे किंवा ओन्यान्कोपोन हा त्यांचा परमेश्वर. मुलाला देव कोणी दाखवावा लागत नाही, अशा अर्थाची त्यांची म्हणच आहे. त्याच्या खालोखाल भूमाता, असासे या. नदी, खडक, वृक्ष यांत वसणारी दैवते म्हणजे अबोसोम, आणि वंशजांवर लक्ष ठेवणारे पूर्वज म्हणजे न्सामान्फो. माणसाविषयीचा त्यांचा विचारही सूक्ष्म आहे. ‘ओक्रा’ हा प्राण देवाकडून येतो, ‘मोग्या’ म्हणजे रक्त आईकडून येते आणि त्यावरून कुळ ठरते. ‘सुन्सुम’ म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे तेज. मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याच्या ओक्राचे नाव मानतात. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या नावातला ‘क्वामे’ म्हणजे शनिवारी जन्मलेला.

मिशनचे आरंभीचे दिवस फार कठीण गेले. पहिल्या काही वर्षांतच बहुतेक मिशनरी तापाने दगावले. १८३५ साली आंद्रेआस रीस अक्रोपाँग या डोंगरावरील गावी गेला. पुढे १८४३ साली जमैका व अँटिग्वा बेटांवरून कृष्णवर्णी ख्रिस्ती कुटुंबे तेथे आणून वसवण्यात आली आणि मग कार्याला मूळ धरले. परंतु धर्मांतर करणाऱ्यांना गावापासून वेगळे राहावे लागे. त्यांच्या वस्तीला ‘सालेम’ म्हणत. पूर्वजांना पेयाचे अर्घ्य देणे, ढोलाच्या तालावर नाचणे, अबोसोमच्या उत्सवाला जाणे, हे सारे निषिद्ध. एकाच आईच्या रक्ताचे दोन भाऊ, एक सालेममध्ये आणि एक गावात, अशी फाळणी झाली.

आणि तरीही त्याच मिशनने अकानांच्या भाषेची मोठी सेवा केली, हे नाकारता येत नाही. योहान गोटलीब क्रिस्टालर हा १८५३ साली तेथे आला. डेव्हिड असांते यांसारख्या अकान सहकाऱ्यांच्या मदतीने त्याने त्वी भाषेत बायबल सिद्ध केले. ते १८७१ साली पूर्ण झाले. १८७५ साली व्याकरण, १८७९ साली सुमारे ३,६०० म्हणींचा संग्रह आणि १८८१ साली कोश, असा त्याच्या कामाचा क्रम आहे. ज्या परंपरेला मिशन अंधार म्हणत होते, तिचेच शहाणपण मिशनचा माणूस वेचून ठेवत होता!

खरी मेख मात्र अनुवादात आहे. बायबलमधील परमेश्वराला त्वी भाषेत कोणता शब्द द्यावा? ओन्यान्कोपोन हाच दिला गेला. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या अकानाला देव परका वाटला नाही. क्वामे बेदियाको या घानाच्या धर्मशास्त्रज्ञाने या गोष्टीचे महत्त्व आवर्जून सांगितले. देव मिशनऱ्यांच्या आधीच तेथे होता, असा त्याचा निष्कर्ष. उलट क्वासी विरेदू हा तत्त्वज्ञ सावध करतो. त्याच्या मते अकानांचा परमेश्वर शून्यातून सृष्टी निर्माण करणारा नव्हे, तर असलेल्यातून विश्व रचणारा शिल्पकार आहे. तेव्हा शब्द तोच राहिला, पण आतला अर्थ हळूच बदलला. मला स्वतःला विरेदूचे म्हणणे अधिक विचार करायला लावते. शब्द गेला तर तो गेल्याचे निदान कळते. अर्थ गेला तर कोणाला कळतही नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. एफ्राइम आमू हे जन्माने एवे समाजाचे, पण अक्रोपाँगच्या अध्यापक विद्यालयात संगीत शिकवीत. आफ्रिकी तालावर त्यांनी ख्रिस्ती गीते रचली. १९३१ साली ते सुटाबुटाऐवजी देशी वस्त्र पांघरून चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले. गहजब झाला आणि १९३३ साली त्यांना नोकरी गमवावी लागली. आज त्याच आमूंची गीते घानाभर अभिमानाने गायिली जातात.

दुसरे उदाहरण बोआबेंग व फिएमा या दोन गावांचे. तेथील राईतली माकडे ही गावदैवतांची लेकरे मानतात. मेलेल्या माकडाला पुरतात. आपल्याकडच्या देवराईसारखीच ही गोष्ट. १९७० नंतरच्या दशकात एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ‘आम्ही ही दैवते मानत नाही’ म्हणून माकडे मारण्यास सुरुवात केली. अखेर १९७५ साली शिकारबंदीचा नियम करावा लागला. श्रद्धा सुटली, आणि तिच्या आश्रयाने राहणारे रानही धोक्यात आले. जुन्या ज्ञानाचे असेच असते. त्यातून एक धागा ओढला की दुसराही उसवतो.

मग दोहोंचा मेळ बसणारच नाही काय? तसेही नाही. जॉन पोबी यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात येशूला ‘नाना’ म्हणजे थोर पूर्वज म्हणावे, असे सुचवले. आणि अफुआ कुमा नावाच्या निरक्षर शेतकरी सुईणीने अकान राजांच्या स्तुतीची भाषा येशूच्या प्रार्थनेत आणली. तिच्या प्रार्थना ऐकून इतरांनी लिहून घेतल्या, १९८० च्या सुमारास त्या छापल्या गेल्या. सिद्धान्त मांडायला विद्वान हवेत. पण दोन परंपरांना एका जिभेवर नांदवण्याचे काम या बाईने केले.

२०२१ च्या जनगणनेप्रमाणे घानातील सुमारे ७१ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. पण मुलांना वाराची नावे ठेवणे सुटलेले नाही. धर्म बदलला तरी प्राणाचे नाव तेच राहिले. नवे स्वीकारताना जुन्यातले काय टाकावे आणि काय राखावे, हा प्रश्न एकट्या अकानांचा नाही. मात्र तो सोडवण्याचा अधिकार बाहेरून आलेल्यांचा नसून ज्यांचे ते ज्ञान आहे त्यांचाच असतो, एवढे मला या वाचनातून उमगले. ते कौल मी टाकून दिलेले नाही. ते आता माझ्या टेबलावर आहे.