चेंडू पायाशी येण्याआधी

ऑगस्ट २००४मध्ये पॉल स्कोल्सनं इंग्लंडच्या संघातून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. मधल्या फळीतल्या खेळाडूचं हे ऐन उमेदीचं वय. मँचेस्टर युनायटेडकडून मात्र तो पुढं मे २०१३पर्यंत खेळला. त्या काळात त्याच्या क्लबनं पाच वेळा प्रीमियर लीग आणि एकदा चॅम्पियन्स लीग जिंकली, शिवाय चॅम्पियन्स लीगच्या आणखी दोन अंतिम सामन्यांपर्यंत मजल मारली. त्याच वर्षांत इंग्लंडचा संघ २००६च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत अडला, २००८च्या युरो स्पर्धेला पात्रच ठरला नाही आणि २०१०मध्ये ब्लुमफाँटेनला जर्मनीकडून ४-१ असा मार खाऊन परतला. हे सारं एकट्या स्कोल्सच्या असण्या-नसण्यानं घडलं असं कुणी म्हणणार नाही. पण देशातला सगळ्यात जाणता मिडफिल्डर देशाच्या संघात नाही, आणि त्याची उणीव भासायलाही देशाला काही वर्षं लागतात, हे कसं होतं? याचं उत्तर इंग्लिश फुटबॉल मधल्या फळीकडे कुठल्या नजरेनं पाहत आला, त्यात दडलेलं आहे, असं मला वाटतं.

इंग्लंडच्या मनातला आदर्श मिडफिल्डर म्हणजे ब्रायन रॉबसन. युनायटेडचा आणि इंग्लंडचा कर्णधार, देशासाठी ९० सामने. स्वतःच्या गोलपाशी चेंडू हिसकावून घ्यायचा आणि काही क्षणांत समोरच्या गोलपाशी हजर व्हायचं. भिडायचं, धावायचं, उंच उडी मारून हेडर करायचा, दुखापत झाली तरी खेळत राहायचं. पावसानं जड झालेल्या मैदानांवर, दर शनिवारी धसमुसळ्या सामन्यांत घडलेला हा आदर्श खोटा नव्हता. रॉबसननं १९९४च्या उन्हाळ्यात युनायटेड सोडलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्कोल्स पहिल्यांदा मैदानात उतरला. दोघांत साम्य शोधूनही सापडलं नसतं.

स्कोल्सचा जन्म १६ नोव्हेंबर १९७४चा, सॅल्फर्डचा. तो वाढला मिडलटनजवळच्या लँग्लीत. महायुद्धानंतर मँचेस्टरच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या कुटुंबांसाठी महापालिकेनं उभारलेली ही वसाहत. लहानपणी त्याचं प्रेम ओल्डहॅम अ‍ॅथलेटिकवर. त्याला दमा होता. वाढीच्या वयात गुडघ्याच्या हाडाचा त्रासही मागं लागला. उंची शेवटपर्यंत पाच फूट सात इंचांच्या पुढं गेली नाही. या पोराचं काही होणार नाही, तो फारच लहानखुरा आहे, असं आपण पहिल्यांदा त्याला पाहून म्हणालो होतो, हे युनायटेडचे तेव्हाचे व्यवस्थापक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी पुढं स्वतःच सांगितलं आहे. ब्रायन किड आणि एरिक हॅरिसन या प्रशिक्षकांनी मात्र त्याच्या पायांतली समज हेरली. १९९२मध्ये युनायटेडच्या पोरांनी एफए युथ कप जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात तो नव्हता. त्या पिढीला आज ‘क्लास ऑफ नाइंटी टू’ म्हणतात आणि त्याचं नाव त्यात आवर्जून घेतात. प्रत्यक्षात बेकहॅम, गॅरी नेव्हिल आणि बट त्याच्या एक पाऊल पुढं होते. १९९३मध्ये त्याला व्यावसायिक करार मिळाला.

२१ सप्टेंबर १९९४ रोजी लीग कपमध्ये पोर्ट व्हेलविरुद्ध फर्ग्युसन यांनी बिनीच्या खेळाडूंना विश्रांती देऊन पोरांना उतरवलं. तिकिटं काढून आलेल्या स्थानिकांनी तक्रार केली. युनायटेडनं सामना २-१ जिंकला आणि दोन्ही गोल स्कोल्सचे होते. तेव्हा तो आघाडीला खेळायचा, मुख्य स्ट्रायकरच्या थोडा मागं. प्रेक्षकावर लाथ उगारल्याबद्दल जानेवारी १९९५मध्ये एरिक कँटोनावर बंदी आली आणि स्कोल्सला संधी मिळत गेली. १९९५-९६मध्ये त्यानं लीगमध्ये १० गोल केले, युनायटेडनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. तो तसाच आघाडीला राहिला असता तर एक बरा स्ट्रायकर म्हणून त्याची नोंद झाली असती. पण १९९७मध्ये कँटोना निवृत्त झाला आणि सप्टेंबरात लीड्सविरुद्ध रॉय कीनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. मधल्या फळीत जागा रिकामी झाली आणि स्कोल्स मागं सरकला.

तो तिथं काय करायचा, हे नीट सांगायला हवं, कारण गोलांच्या आकड्यांतून ते दिसत नाही. सामान्य खेळाडू चेंडू पायाशी आला की मान वर करून पाहतो. स्कोल्सचं पाहणं चेंडू येण्याआधीच उरकलेलं असायचं. पास त्याच्याकडे निघालेला असतानाच तो मान वळवून आधी एका, मग दुसऱ्या खांद्यावरून मागं नजर टाकायचा. कोण मोकळा आहे, कोण अंगावर येतोय, उजवीकडच्या बचावपटूनं कुठली जागा सोडली आहे, हे त्याला ठाऊक असायचं. त्यामुळं पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढच्या पाससाठी योग्य बाजूला वळायचा. अंगावर येणारा प्रतिस्पर्धी पोहोचेपर्यंत चेंडू ४०-५० यार्ड दूर, उजव्या बगलेवर धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पायात पडलेला असायचा. आधी तिथं बेकहॅम होता, मग रोनाल्डो, मग व्हॅलेन्सिया. धावणारा बदलला तरी पास तोच राहिला. असा पास बगलेवरच्या खेळाडूला समोर मोकळं मैदान देतो, तो क्रॉस टाकतो, तिसरा गोल करतो. कागदावर गोल तिसऱ्याच्या नावावर आणि ‘असिस्ट’ दुसऱ्याच्या नावावर लागतो. ज्यानं सारं सुरू केलं, त्याच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

आकडेच पाहायचे तर प्रीमियर लीगमध्ये स्कोल्सचे ४९९ सामन्यांत १०७ गोल. फ्रँक लॅम्पार्डचे १७७, स्टीव्हन जेरार्डचे १२०. या तिघांत श्रेष्ठ कोण, हा वाद इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं चालला आणि नेहमी याच आकड्यांपाशी येऊन थबकला. लॅम्पार्ड आणि जेरार्ड मोठेच खेळाडू होते, त्यांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण ते दोघं रॉबसनच्या घराण्यातले. त्यांचं मोठेपण नुसत्या डोळ्यांना दिसायचं, पंचवीस यार्डांवरून सणसणीत फटका मारून गोल केला की सारं स्टेडियम उभं राहायचं. स्कोल्सचं पाहायला चेंडूवरून नजर काढून त्याच्यावर ठेवावी लागायची.

इंग्लंडकडून त्याची सुरुवात झकास झाली होती. १९९८च्या विश्वचषकात मार्सेला ट्युनिशियाविरुद्ध गोल, मार्च १९९९मध्ये वेम्ब्लीवर पोलंडविरुद्ध तीन गोल, त्याच वर्षी नोव्हेंबरात हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडविरुद्ध दोन. मग स्वेन-गोरान एरिक्सन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्यापुढचा पेच खरा होता. मधे दोनच जागा, आणि दावेदार जेरार्ड, लॅम्पार्ड, स्कोल्स. डाव्या बगलेवर इंग्लंडकडे हक्काचा खेळाडू नव्हता. त्या काळातला सर्वोत्तम डावा विंगर रायन गिग्ज स्कोल्सचाच क्लबमित्र, पण तो वेल्सचा. तेव्हा उजव्या पायाच्या स्कोल्सला डावीकडे पाठवण्यात आलं. जून २००१मध्ये अथेन्सला ग्रीसविरुद्ध गोल केल्यावर त्याचा देशासाठीचा पुढचा गोल थेट युरो २००४मध्ये क्रोएशियाविरुद्ध आला. मधे तीन वर्षं गेली. क्लबसाठी मात्र याच काळात, २००२-०३च्या एका मोसमात, त्यानं सगळ्या स्पर्धा मिळून २० गोल केले होते. त्या युरोतून इंग्लंड पोर्तुगालकडून पेनल्टींवर हरून घरी परतलं. ६६ सामने आणि १४ गोल झाल्यावर स्कोल्स थांबला.

त्यानं स्वतः कुटुंबाचं कारण दिलं, आणि डावीकडे खेळवलं म्हणून सोडलं असं नाही, हेही सांगितलं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा. क्लबमध्येही त्याची जागा हलली होती. २००१मध्ये युनायटेडनं हुआन सेबास्तियन वेरॉनला २ कोटी ८१ लाख पौंडांना आणलं, तेव्हा स्कोल्सला व्हान निस्टेलरॉयच्या मागं खेळावं लागलं आणि तो निमूटपणे खेळला. फरक असा की फर्ग्युसन यांनी त्याला पुन्हा मधे आणलं. देशानं एक बाजू ठरवून दिली आणि तिथंच राहू दिलं. तो खेळायचं थांबल्यावरही लॅम्पार्ड आणि जेरार्ड एकत्र कसे खेळवायचे, हाच प्रश्न पुढच्या प्रशिक्षकांना छळत राहिला. चेंडू सांभाळून सामन्याची गती ठरवणारा तिसरा माणूस त्या दोघांच्या मागं हवा, हे सुचायला वेळ गेला. २०१०च्या विश्वचषकाआधी फाबियो कापेलो यांनी स्कोल्सला बोलावून पाहिलं. त्यानं नकार दिला आणि पुढं त्याची रुखरुख वाटल्याचं कबूल केलं.

त्याच्या खेळात एक काळी बाजू होती, ती झाकायचं कारण नाही. टॅकल करणं त्याला कधीच नीट जमलं नाही. तो उशिरा पोहोचायचा आणि चेंडूऐवजी माणसाला लागायचं. जून १९९९मध्ये स्वीडनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं. जुन्या वेम्ब्लीवर इंग्लंडकडून खेळताना हाकलला गेलेला तो एकमेव खेळाडू. एप्रिल १९९९मध्ये तुरीनला चॅम्पियन्स लीगच्या युव्हेंटसविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो बदली म्हणून आला आणि देशाँवरच्या टॅकलबद्दल पिवळं कार्ड घेऊन बसला. परिणामी तो अंतिम सामन्याला मुकला. कीनही मुकला. २२ मे रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध गोल करणारा स्कोल्स चार दिवसांनी बार्सिलोनात सूट घालून बसला होता, आणि बायर्नविरुद्ध भरपाई वेळेत दोन गोल करून त्याचे सहकारी युरोपचे विजेते होत होते.

त्याची भरपाई व्हायला नऊ वर्षं लागली, आणि मधे तर सारं संपलंच होतं असं वाटलं. डिसेंबर २००५मध्ये बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध खेळताना त्याला धूसर दिसू लागलं. उजव्या डोळ्यातल्या रक्तवाहिनीत अडथळा आल्याचं निदान झालं. उरलेला जवळपास सारा मोसम बुडाला. ज्याचा सारा खेळ बघण्यावर उभा, त्याच्याच डोळ्यावर घाला. तो परतला आणि मग त्याच्या कारकिर्दीचा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर भाग सुरू झाला. कीन गेला होता, टॉटनहॅमहून मायकेल कॅरिक आला होता. स्कोल्सनं पेनल्टी बॉक्सकडे धावणं कमी केलं, मैदानाच्या मध्याच्याही मागं तळ ठोकला आणि तिथून सामना चालवायला घेतला. फटका मारायची सवय मात्र सुटली नाही. मार्च २०००मध्ये ब्रॅडफर्डला बेकहॅमच्या कॉर्नरवर, चेंडू खाली पडूही न देता, बॉक्सच्या कडेवरून मारलेली त्याची व्हॉली प्रसिद्ध आहे. २९ एप्रिल २००८ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर झांब्रोटानं अर्धवट काढलेला चेंडू त्याच्यासमोर आला आणि चौदाव्या मिनिटाला त्यानं तो लांबूनच बार्सिलोनाच्या जाळ्यात धाडला. दोन सामन्यांतला तो एकमेव गोल. युनायटेड अंतिम फेरीत गेलं तर स्कोल्स खेळणारच, हा फर्ग्युसन यांचा शब्द होता. मॉस्कोत चेल्सीविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला, नाक फुटून रक्त आलं तरी खेळला, आणि पेनल्टींवर युनायटेडनं कप जिंकला.

त्याच्या खेळाची खरी पारख पुढं स्पेनमधून झाली. स्पेननं २००८ ते २०१२ या काळात दोन युरो आणि एक विश्वचषक जिंकला तो चावी आणि इनिएस्ता यांच्या जोरावर, आणि दोघंही उंचीनं स्कोल्सएवढेच. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण पाहिलेला मधल्या फळीतला सर्वोत्तम खेळाडू स्कोल्सच, असं चावीनं २०११मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात वेम्ब्लीवर बार्सिलोनानं युनायटेडला ३-१ हरवलं. तीन दिवसांनी स्कोल्सनं निवृत्ती जाहीर केली.

ती टिकली नाही. राखीव संघाच्या पोरांना शिकवता शिकवता त्याला स्वतःला खेळावंसं वाटू लागलं. ८ जानेवारी २०१२ रोजी एफए कपमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या संघात त्याचं नाव पाहून सहकारीही चकित झाले. बूट त्यानं जाऊन साध्या दुकानातून विकत आणले होते. १८ नंबरचा त्याचा शर्ट अ‍ॅशली यंगकडे गेला होता, म्हणून तो २२ नंबर घालून आला. आठवड्याभरात बोल्टनविरुद्ध त्यानं गोलही केला. अखेर १९ मे २०१३ला थांबला, तेव्हा युनायटेडकडून ७१८ सामने, १५५ गोल आणि ११ लीग विजेतेपदं त्याच्या नावावर होती. फेब्रुवारी २०१९मध्ये तो लहानपणीच्या ओल्डहॅमचा व्यवस्थापक झाला. पहिला सामना ४-१ जिंकला आणि सात सामन्यांनंतर, जेमतेम महिन्याभरात, राजीनामा दिला.

दरम्यान इंग्लंडनं पोरांचं फुटबॉल बदलायला घेतलं होतं. २०१२मध्ये लहान वयोगटांसाठी छोटी मैदानं आणि कमी खेळाडूंचे सामने मंजूर झाले, जेणेकरून चेंडू प्रत्येकाच्या पायाशी अधिक वेळ यावा आणि दांडग्या पोरांचंच फावू नये. क्लबांच्या अकादम्यांची नवी योजनाही त्याच वर्षीची. या बदलाचं फळ आपल्याकडे प्रत्यक्ष पाहता आलं. ऑक्टोबर २०१७मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इंग्लंडनं अमेरिकेला ४-१ हरवून उपांत्य फेरी गाठली. मग कोलकात्यात ०-२ अशा पिछाडीवरून स्पेनला ५-२ असं हरवून कप जिंकला. त्या संघातला, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पोरगा होता स्टॉकपोर्टचा फिल फोडेन. लहानखुरा, आणि चेंडूची विलक्षण समज असलेला.

२०२३-२४मध्ये फोडेन प्रीमियर लीगमधला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि युरो २०२४साठी जर्मनीला गेला. ज्यूड बेलिंगहॅमला मधली जागा दिली गेली आणि फोडेनला डावीकडे ठेवण्यात आलं. गटातल्या तिन्ही सामन्यांत तो चाचपडत राहिला, मायदेशी टीका झाली. उपांत्यपूर्व फेरीपासून प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी मांडणी बदलली आणि त्याला आत आणलं. डॉर्टमुंडला नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याचा एक फटका गोलरेषेवरून परतवला गेला, दुसरा खांबाला लागला, आणि पहिल्या अर्ध्यात मैदानावर त्याच्याइतका चांगला दुसरा कुणीच खेळत नव्हता.