इयादत म्हणजे पुन्हा येणे

आपल्या मोहल्ल्यात मय्यत झाली की कोणाला बोलवावे लागत नाही. मशिदीतून ऐलान होतो आणि कबर खोदणारे, गुस्ल देणारे, कफन आणणारे आपोआप कामाला लागतात. त्या घरी शेजारून जेवण येते. जनाज्याला खांदा द्यायला माणसे पुढे सरसावतात. ही आपल्या समाजाची मोठी दौलत आहे. पण त्याच माणसाने मरणाआधी दोन वर्षे अंथरुणावर काढली असतील, तर त्या दोन वर्षांत त्याच्या दाराशी किती चपला दिसल्या, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आजाराच्या पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते. मोसंबी येतात, नारळपाणी येते, दुआ होतात. महिन्याने येणारे कमी होतात, वर्षाने फक्त घरचेच उरतात. म्हाताऱ्या माणसाचे दुखणे मग केवळ गुडघ्याचे किंवा छातीचे राहत नाही. मशिदीतल्या सफमधली जागा गेली, ओट्यावरची बैठक गेली, घरातल्या निर्णयांत कोणी विचारेनासे झाले. आता आपण कोणाचे नाही, हे दुखणे औषधाच्या दुकानात जाऊन बरे होत नाही.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना ‘इयादत’ या शब्दाचे मूळ सांगतो. अरबीत ज्या धातूपासून हा शब्द येतो, त्याचा अर्थ परत येणे. वर्षाने परत येणारी ‘ईद’ आणि वरचेवर केल्याने अंगवळणी पडणारी ‘आदत’ याच कुळातली. म्हणजे इयादत ही एकदा तोंड दाखवून उरकायची गोष्टच नव्हे. जो पुन्हा पुन्हा येतो, तो इयादत करतो.

एका मुसलमानाचे दुसऱ्यावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत आजाऱ्याला भेटणे आणि जनाज्यासोबत जाणे एकाच यादीत येतात. आपण दुसरा हक्क जिवापाड सांभाळतो, पहिला मात्र सवडीवर सोडतो. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसे कुदसीचा आशय असा, की बंद्याने आजाऱ्याची विचारपूस केली असती, तर अल्लाह त्याला तिथेच, त्या आजाऱ्यापाशी भेटला असता. आणि हा हक्क आपल्याच लोकांपुरता नाही. रसूलुल्लाह (स.) एका आजारी यहुदी मुलाच्या घरी त्याला भेटायला गेले होते, हे बुखारी शरीफमध्ये नमूद आहे.

हे काम मोहल्ल्याने मिळून कसे करावे, याचा नमुना आपल्याच देशात आहे. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणे, धाप, जखमा, मनाची घालमेल कमी करणारी सेवा. लवकरच एक गोष्ट ध्यानात आली, की अंथरुणाला खिळलेला माणूस दवाखान्यात येऊ शकत नाही, आणि गोळीने दुखणे थांबले तरी एकटेपणा थांबत नाही. मग हे काम वस्तीवस्तीत गेले. मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या मलप्पुरम जिल्ह्यात ते चांगलेच रुजले. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणारा कोणीही, शिक्षक असो, रिक्षावाला असो की गृहिणी, सोळा तासांचे शिक्षण आणि चार दिवस प्रत्यक्ष काम शिकून सोबती होऊ शकतो. लोकांच्या छोट्या छोट्या देणग्यांवर खर्च चालतो. 2008 मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरण आणले, आणि पंचायतीमार्फत नर्स घरोघर जाऊ लागल्या.

आपल्याकडे एवढी व्यवस्था उभी राहीपर्यंत थांबायचे कारण नाही. मशिदीत जनाज्याची डोली असते, तशी कमोडची खुर्ची, वॉकर आणि वॉटर बेड का असू नयेत? गरज असेल त्याने न्यावे, संपली की परत द्यावे. दोन तरुणांनी दर जुम्याला ठरलेल्या घरी जावे. बायकांकडे बायकांनी जावे. भेट छोटी असावी, आधी विचारून असावी. त्याच आजाराने कोण कोण गेले याचे किस्से तिथे सांगू नयेत. आणि तीमारदारी करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला विसरू नये. दर दोन तासांनी कूस बदलवणारे हात तिचे असतात. तिला दोन तास मोकळे करणे ही मोठीच मदत आहे.

घरातही आजाऱ्याची जागा राखता येते. दीन त्याला जमातीबाहेर काढत नाही. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, इशाऱ्याने नमाज आहे. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम आहे. बरे होण्याची आशा नसलेल्याला रोज्याऐवजी फिदिया आहे. नातवाचा सिपारा दादीने पडल्या पडल्या ऐकावा. रिश्त्याची बोलणी तिच्या खाटेजवळ व्हावीत.

‘अब्बांना काही कळू देऊ नका’ असे आपण मायेने म्हणतो. अब्बांना बहुतेक वेळा कळलेले असते, फक्त बोलायला कोणी उरत नाही. कर्ज, अमानत, बीवीची राहिलेली महर, एक तृतीयांशापर्यंतची वसियत, कोणाची मागायची माफी, या सगळ्याला वेळ आणि शुद्ध लागते. आजार किती पुढे गेला हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन दिले तर ‘नशा’ म्हणून घाबरू नये. दुखण्याने तळमळणाऱ्याला ना कलमा आठवतो, ना माणसे. घरातले वृद्ध एकटे पडले असतील तर ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

या जुम्याच्या नमाजनंतर आपल्या सफमधली कोणाची जागा बरेच दिवस रिकामी आहे ते पाहू या, आणि त्याच्या घरी जाऊ या. दहा मिनिटे बसू या. उठताना पुढच्या जुम्याला येतो म्हणून सांगू या, आणि पुढच्या जुम्याला जाऊ या.