ड्रेन बोल्टच्या जागी तोटी

डिझेल ट्रकचे इंजिन ऑइल बदलताना जवळ उभे राहून पाहिले आहे का? क्लीनर खड्ड्यात उतरतो, किंवा जमिनीवर पोते अंथरून गाडीखाली सरकतो. इंजिनच्या तळाशी तेलाचे चेंबर असते आणि चेंबरच्या सर्वांत खालच्या भागात एक जाड बोल्ट. तो पान्याने सैल करायचा, शेवटचे दोन-तीन आटे बोटांनी फिरवायचे आणि बोल्ट सुटताच हात झटकन मागे घ्यायचा. तेल गरम असतानाच काढावे लागते, कारण थंड तेल नीट निथळत नाही. म्हणजे हात मागे घेण्याची ही घाई सुमारे ८०-९० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलापासून असते.

आमच्या संस्थेच्या क्षेत्रीय कामासाठी एक जुना डिझेल ट्रक होता. एकदा आमच्या चालकाला हात मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला. मनगटापासून कोपरापर्यंत तेल ओघळले, बोल्ट खालच्या पत्र्याच्या डब्यात पडला, दचकून लागलेल्या लाथेने डबा लवंडला आणि सात-आठ लिटर काळे तेल मातीत गेले. तेल पाण्यासारखे निथळून जात नाही, कातडीला धरून राहते. म्हणून भाजणेही अधिक. हाताचे फोड बरे व्हायला तीन आठवडे लागले. मातीवरचा डाग पुढच्या पावसाळ्यातही दिसत होता.

यावर उपाय तसा साधा आहे. ड्रेन बोल्ट कायमचा काढून त्याच आट्यांत एक छोटी पितळी तोटी बसवायची. आतमध्ये आरपार भोक असलेला एक गोळा असतो. बाहेरचा दांडा पाव वळण फिरवला की गोळ्याचे भोक वाटेशी जुळते आणि तेल वाहू लागते. उलट फिरवला की बंद. घरातल्या पाण्याच्या बॉल व्हॉल्व्हची हीच रचना. फरक एवढाच, की ट्रकच्या तोटीत दांडा एका खाचेत स्प्रिंगने अडकून राहतो. तो आधी खाचेतून सोडवावा लागतो, मगच फिरतो. अमेरिकेत स्वतःच्या अंगणात तेल बदलणाऱ्या पिकअप ट्रकमालकांमध्ये या तोट्या बऱ्याच रूढ आहेत. तिथल्या डॉज पिकअपमध्ये १९८९ पासून कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन येऊ लागले. त्याच मालिकेची इंजिने पुढे जमशेदपूरच्या टाटा-कमिन्स कारखान्यात बनू लागली आणि आपल्या रस्त्यांवरही आली. तेव्हा हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

तोटी बसवायची ठरली, पण आमच्यात वाद झाला. गॅरेजच्या मिस्त्रींचे म्हणणे होते, ‘‘साहेब, इंजिन चालू असताना तेलाला तीन-चार किलोचा दाब असतो. ही एवढीशी तोटी उडून जाईल.’’ आमच्या एका सहकाऱ्याची शंका अशी, की तोटीचे भोक बारीक, मग तेल निघायला फार वेळ लागेल. आणि चालक म्हणाला, ‘‘दगड लागून तुटली तर?’’

मिस्त्रींची शंका आम्हाला सर्वांत रंजक वाटली, कारण दाब म्हणजे काय याबद्दलचा एक मोठा गैरसमज तिच्यात दडलेला आहे. डॅशबोर्डवरचा काटा तीन-चार बार दाखवतो हे खरे. पण तो दाब पंपाच्या पुढे असतो. पंप चेंबरमधून तेल ओढतो आणि अरुंद वाटांतून बेअरिंगांकडे ढकलतो. तिथे दाब निर्माण होतो. बेअरिंगांच्या फटींतून बाहेर पडलेले तेल नुसते ठिबकत खाली चेंबरमध्ये येते. चेंबरमध्ये तोटीवर दाब असतो तो फक्त वरच्या तेलाच्या उंचीचा. खोली १५ सें.मी. आणि तेलाची घनता घनमीटरला सुमारे ८८० किलोग्रॅम धरली, तर घनता, गुरुत्व त्वरण आणि खोली यांचा गुणाकार ८८० × ९.८ × ०.१५, म्हणजे सुमारे १३०० पास्कल येतो. हा वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सव्वा टक्का झाला. पिस्टनच्या कडांनी खाली निसटणाऱ्या वायूंचा थोडा दाब त्यात मिळवला, तरी पाण्याच्या गच्चीवरील टाकीखालची तोटी याहून कितीतरी जास्त दाब रोज सोसते. विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण द्यावे: पंपाच्या नळात कितीही दाब असो, विहिरीच्या तळाला त्याची खबर नसते.

मिस्त्रींना हे पटले की नाही ठाऊक नाही. त्यांनी मान हलवली, एवढे खरे.

आता वेळेची शंका. टॉरिसेलीच्या नियमानुसार भोकातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा वेग √(२गउ) असतो. इथे ग म्हणजे गुरुत्व त्वरण आणि उ म्हणजे भोकाच्या वरची द्रवाची उंची. उंची १५ सें.मी. असता वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर येतो. बोल्ट काढल्यावर भोक समजा २२ मि.मी. व्यासाचे उरते, तर तोटीची वाट १२ मि.मी. धरू. क्षेत्रफळांचे गुणोत्तर (२२/१२) चा वर्ग, म्हणजे जवळजवळ ३.४. धार बाहेर पडताना आकसते, घर्षणही असते. म्हणून गणिताच्या प्रवाहाला सुमारे ०.६ ने गुणायचे. मग सुरुवातीचा प्रवाह बोल्टच्या भोकातून सेकंदाला ३९० घन सें.मी. आणि तोटीतून ११६ घन सें.मी. येतो.

परंतु पातळी उतरते तसा वेगही उतरतो. उभ्या, सरळ भिंतींच्या भांड्यात हा वेग वेळेबरोबर समप्रमाणात शून्याकडे जातो, म्हणून सरासरी प्रवाह सुरुवातीच्या निम्मा. ११ लिटर तेलाला बोल्टच्या भोकातून सुमारे ५६ सेकंद आणि तोटीतून सुमारे १९० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांच्या किंचित वर. प्रत्यक्षात तेलाच्या चिकटपणामुळे दोन्ही वेळा वाढतात.

म्हणजे सहकारी बरोबर होते. ‘झटपट तेल काढणारी तोटी’ असे तिला म्हणतात, पण तेल तिच्यातून झटपट निघतच नाही. उलट बोल्टच्या तिप्पट वेळ घेते. झटपट होते ते माणसाचे काम. पाना शोधणे, बोल्ट सोडवणे, डब्यात हात घालून तो काढणे, पुसणे, नवा तांब्याचा वायसर घालून पुन्हा आवळणे, हे सारे वाचते. इंजिनच्या आतल्या पृष्ठभागांवरचे तेल निथळायला नाहीतरी पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते. त्यात दोन मिनिटांचे काय!

वर्गात हे सहज करून पाहता येईल. सरळ बाजूंची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तळाजवळ गरम सुईने ४ मि.मी.चे भोक पाडावे आणि भोकापासून १६, ४ आणि १ सें.मी. उंचीवर खुणा कराव्यात. झाकण उघडे ठेवून पाणी सोडावे व वेळ मोजावी. १६ ते ४ या टप्प्यात ४ ते १ या टप्प्याच्या चौपट पाणी बाहेर पडते, पण वेळ मात्र दुप्पटच लागते. का, ते विद्यार्थ्यांना वर्गमुळे मांडून शोधू द्यावे. मग पाण्याऐवजी शेंगदाण्याचे तेल घ्यावे, एकदा गार आणि एकदा कोमट. ट्रकच्या नेहमीच्या १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४० अंशांना जेवढी असते, तिच्या सातव्या-आठव्या हिश्शावर ती १०० अंशांना येते. तेल गरम असताना काढण्याचे कारण हेच. तोटीला रबरी नळी जोडून तेल थेट कॅनमध्ये नेता येते, पण नळी बारीक घेऊ नये. संथ, चिकट प्रवाहात नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो.

आट्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तोटीचा खरा फायदा आमच्या मते तिथेच आहे. ३० सें.मी. लांब पान्याच्या टोकाशी २० किलोग्रॅम भाराइतका जोर दिला की सुमारे ६० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. २२ मि.मी.च्या बोल्टला तो चेंबरवर जवळजवळ १.४ टन बलाने दाबतो, आणि हे केवळ पिळाच्या दहाव्या हिश्शाचे काम. बाकीचा पीळ घर्षणात जातो. हाच जोर लांब पाईप लावून दिला, किंवा बोल्ट तिरका धरून फिरवला, की आटे जातात. चेंबर बदलणे हे खर्चाचे आणि दिवसभराचे काम आहे. तोटी एकदाच आवळायची असते.

तरीही चालकाची शंका खोडता आली नाही. ती खरी होती. तोटी चेंबरखाली काही सेंटिमीटर लोंबते. उंच गतिरोधक, नांगरलेल्या शेतातली वाट, खाणीतला रस्ता, तिथे एक दगड पुरतो. तेल गेले की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि चालकाने वेळीच इंजिन बंद केले नाही तर बेअरिंगे काही मिनिटांत जळतात. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: बोल्ट सरळ खाली तोंड करून असेल आणि चेंबर हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग असेल, तर तोटी बसवू नये. आमच्या ट्रकचा बोल्ट चेंबरच्या मागच्या बाजूला, आडवा होता आणि पुढचा आस त्याहून खाली होता. म्हणून आम्ही बसवली. दांडा मागच्या दिशेला राहील असा ठेवला आणि त्यावर तार गुंडाळली.

दोन उणिवा आणखी आहेत. काही बोल्टांच्या टोकाला चुंबक असतो व तो लोखंडी कण धरून ठेवतो. बोल्ट गेला की तोही जातो. दुसरी उणीव अशी, की तोटीचे आटे आत किंचित पुढे आले तर तेवढी कड तळाशी उरते. चेंबरचा तळ सपाट आणि ७३० चौरस सें.मी.चा धरला, तर ३ मि.मी.च्या कडेमागे २०० मि.लि.हून अधिक तेल राहते, आणि ते सर्वांत गाळाचे. गाडी तोटीच्या बाजूला किंचित उतरती उभी केली की बरेचसे निघून जाते.

निघालेले तेल कुठे जाते हेही पाहावे लागते. वापरलेल्या इंजिन तेलात बहुचक्रीय हायड्रोकार्बने आणि धातूंचे कण असतात. उंदरांच्या कातडीला असे तेल वारंवार लावल्यावर कर्करोग झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून हातमोजे हवेत, आणि वर्गात दाखवायचे तर बंद शिशीतच दाखवावे. आपल्याकडे हे तेल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. नळी थेट कॅनमध्ये गेली तर निदान पहिली पायरी तरी साधते.

तोटीचा एक उपयोग मात्र आमच्या मनात आधी आला नव्हता. बोल्ट असताना कोणी मधेच तेल तपासत नाही. तोटी असली की रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, अर्धी वाटी तेल काढता येते. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी असेल तर तेच आधी येते. डिझेलचे तेल काजळीमुळे नवे घातल्यावर लवकरच काळे होते, तेव्हा रंगावरून काही ठरवता येत नाही. शिशीचा तळ पाहावा. आमच्या चालकाने ही सवय लावून घेतली. सव्वा वर्षाने एका सकाळी तो शिशी घेऊन प्रयोगशाळेत आला. काळ्या तेलाखाली बोटभर हिरवट पाणी होते, रेडिएटरमधले. ट्रक त्या दिवशी निघाला नाही. हेड उघडल्यावर गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळालेले निघाले.