खेळात एवढं असतं तरी काय?

‘काय ठेवलंय त्या खेळात?’ हा प्रश्न निगडीतल्या घराघरांत रोज एकदा तरी विचारला जातो. प्राधिकरणातला बंगला असो नाहीतर यमुनानगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, प्रश्न तोच आणि विचारण्याचा सूरही तोच, रागाचा! त्यामुळे मुलं उत्तर देत नाहीत, हेडफोन तेवढा घट्ट करतात. महिला मंडळाच्या कामानिमित्त माझं बऱ्याच घरी जाणं होतं. तिथल्या आयांची ही तक्रार ऐकून वाटलं, हाच प्रश्न एकदा खरंच उत्तर हवं म्हणून विचारून पाहावा.

मैत्रिणींनो, या खेळांत एक मोठी जात आहे. तिला ‘एमएमओआरपीजी’ असं लांबलचक नाव आहे. अर्थ सोपा आहे. इंटरनेटवर एक काल्पनिक जग असतं आणि त्यात हजारो माणसं एकाच वेळी वावरतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वैद्य. २००४ साली अमेरिकेत आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा यातला सर्वांत गाजलेला. २०१० मध्ये त्याचे पैसे भरून खेळणारे सभासद सव्वा कोटीच्या घरात गेले होते. आपल्याकडची मुलं जास्त करून मोबाईलवर ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर मॅक्स’ खेळतात. ते या जातीचे नव्हेत, पण चौघांनी टोळी करून खेळण्याची गोडी तीच.

ही गोडी कशाची? इंग्लंडच्या रिचर्ड बार्टल यांनी विद्यार्थी असताना १९७८ मध्ये आपल्या मित्राबरोबर अशा खेळांचा आद्य अवतार तयार केला. पुढे १९९६ मध्ये त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. आपल्या भिशीची सहल डोळ्यांसमोर आणा, चारही प्रकार लगेच सापडतील. एक जण गडाच्या पायऱ्या मोजत सगळ्यांच्या आधी वर पोचते. दुसरी वाट सोडून कुठल्या तरी चोरदरवाज्यापाशी रमते. तिसरी नुसत्या गप्पांसाठी आलेली असते. आणि चौथीला अंताक्षरीत समोरच्या गटाला हरवल्याशिवाय चैन पडत नाही! खेळातही असंच असतं. कुणाला वरची पायरी गाठायची असते, कुणाला नवा मुलूख बघायचा असतो, कुणाला माणसं हवी असतात, तर कुणाला कुरघोडी. एकाच खेळात चौघांचीही सोय होते, म्हणून तो सुटत नाही.

दुसरं कारण म्हणजे प्रत्येकाला मिळणारं काम. दरवर्षी तुकोबांची पालखी भक्ती-शक्ती चौकातून शहरात येते, ती आपण बघतोच. दिंडीत कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या हाती टाळ, कुणाच्या डोक्यावर तुळस. प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि ती रिकामी राहिली की सगळ्यांना जाणवते. या खेळांतही मंडळं असतात, त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमेला चाळीस-चाळीस जण एकत्र लागायचे. एक जण पुढे होऊन मार झेलणार, दुसरा जखमींना बरं करणार. वैद्य मधेच उठला तर बाकीचे गारद! आता कळलं ना, ‘ताट वाढलंय, ये’ म्हटल्यावर ‘आई, पाचच मिनिटं’ का ऐकू येतं? हा खेळ कॅरमसारखा मधेच थांबवता येत नाही, समोर माणसं खोळंबलेली असतात.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची हकिगत मनाला चटका लावते. स्नायू दुबळे होत जाण्याच्या असाध्य आजारामुळे तो चाकाच्या खुर्चीला खिळलेला होता. दिवसचे दिवस वॉरक्राफ्ट खेळायचा. आई-वडिलांना वाटायचं, पोराला ना मित्र, ना आयुष्य. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी दिली आणि देशोदेशींहून पत्रं येऊ लागली. तिथे तो ‘इबेलिन’ होता. त्याने कुणाला धीर दिला होता, कुणाचं दुरावलेलं मूल जवळ आणलं होतं. त्यातले काही जण अंत्यविधीलाही आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला. मुलगा असेपर्यंत हे जग आई-वडिलांना कळलं नाही, ही गोष्ट आपल्यालाही विचार करायला लावते.

म्हणून सगळं गोडच आहे, असं मुळीच नाही. हे खेळ सोडवू नयेत अशाच बेताने बांधलेले असतात. सुरुवातीला बक्षिसं भराभर मिळतात, पुढे तासन् तास लागतात. दुर्मीळ तलवार कधी हाती येईल याचा नेम नसतो, आणि नेम नसलेलं बक्षीसच माणसाला जास्त खेचतं. पोशाखांसाठी खऱ्या पैशांची खरेदी असते. शिवाय पलीकडचा माणूस कोण, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार म्हणून नोंदवला आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण खूप खेळणं म्हणजे आजार नव्हे. स्वतःला आवरता येत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार मानतात. मात्र झोप, जेवण, शाळा बिघडू लागली तर वर्षाची वाट न पाहता डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारू या. चाकणच्या कारखान्यात बाबांची शिफ्ट, आईची नोकरी, मुलगा क्लासहून आला की घराला कुलूप. ‘तुझ्यावाचून अडतंय’ असं त्याला दिवसभरात कोण म्हणतं? खेळात म्हणतात! मग घरातही एखादं काम खरोखर त्याच्या भरवशावर सोडून बघा. ढोल-ताशा पथक, मैदान, ट्रेकिंगचा गट, कुठेतरी त्याला जागा मिळू द्या. खेळाला बसण्याआधीच ‘ही फेरी किती वाजता संपेल?’ असं विचारून जेवणाची वेळ ठरवा. वायफाय बंद करण्याआधी एक दिवस शेजारी बसा आणि म्हणा, ‘तुझं पात्र कोणतं रे? दाखव बघू.’ तो पहिल्यांदा चमकेल, मग एवढं बोलेल, की तुम्हालाच ‘पुरे’ म्हणावं लागेल!