एंगलवूडची पेढी

1979 च्या उन्हाळ्यात सिल्व्हिया आणि जो रॉबिन्सन या जोडप्याजवळ स्वतःचा स्टुडिओ होता, गाण्यांचे हक्क होते, बाजारातली ओळख होती; फक्त पैसा संपला होता. न्यू जर्सी राज्यातल्या एंगलवूड या गावी त्यांची ‘ऑल प्लॅटिनम’ ही रेकॉर्ड कंपनी होती आणि ती कर्जात व कोर्टकज्ज्यांत बुडाली होती. गाव तसे शांत. हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की मॅनहॅटनचे उत्तर टोक, खाली हार्लेम, पलीकडे ब्राँक्स. त्या ब्राँक्समध्ये सहा वर्षे एक संगीत वाजत होते आणि त्याची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती.

हे नवल वाटण्याजोगे आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तिथून हिप-हॉपचा इतिहास मोजायचा रिवाज आहे. पण हर्क, आफ्रिका बम्बाटा, ग्रँडमास्टर फ्लॅश या मंडळींच्या लेखी हे रात्रभर चालणारे काम होते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायच्या, ढोल-ताशाचा जो तुकडा लोकांना नाचवतो तो आलटून पालटून लांबवत न्यायचा आणि माइकवरच्या माणसाने त्यावर यमके जुळवत गर्दी तापती ठेवायची. पार्ट्यांत भरलेल्या कॅसेटी हातोहात फिरत, विकल्याही जात. यात ‘गाणे’ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेच कुणी ठरवलेले नव्हते. मग रेकॉर्ड कसली काढणार?

ते ठरवले सिल्व्हियाबाईंनी, आणि त्या ब्राँक्सच्या नव्हत्या. जन्म हार्लेमचा, तोही 1930 च्या दशकातला. म्हणजे हिप-हॉपवाल्या पोरांच्या आईच्या वयाच्या. चौदाव्या वर्षी ‘लिटल सिल्व्हिया’ नावाने रेकॉर्ड झाली होती. 1957 च्या सुरुवातीला ‘मिकी अँड सिल्व्हिया’ या जोडीचे ‘लव्ह इज स्ट्रेंज’ गाजले. सिल्व्हियाबाई गिटारही वाजवत. 1973 मध्ये त्यांनी ‘पिलो टॉक’ हे गाणे अल ग्रीनला देऊ केले, त्याने धर्माच्या कारणाने नाकारले, तेव्हा ते स्वतःच गाऊन त्यांनी तेही गाजवले. ‘ऑल प्लॅटिनम’मध्ये त्या गाणी लिहीत, वादकांना सूर सांगत, मिक्सिंगला बसत. जो हिशेब आणि दरडावणी सांभाळी. अमेरिकन रेकॉर्ड धंद्यात त्या काळी एखाद्या बाईने एवढे सगळे करणे जवळजवळ अशक्य मानले जाई, आणि कृष्णवर्णीय बाईने तर आणखीच.

हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबात एका पार्टीत त्यांनी लव्हबग स्टार्स्कीला माइकवर गर्दीशी बोलताना ऐकले. लोक त्याच्या प्रत्येक हाकेला ओ देत होते. त्याच रात्री आपल्याला हे रेकॉर्डवर दिसले, असे त्या पुढे सांगत. स्टार्स्की काही हाती लागला नाही. मग मुलगा जोई ज्युनिअरच्या ओळखीने शोध सुरू झाला आणि एंगलवूडमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात हेन्री जॅक्सन ऊर्फ बिग बँक हँक सापडला. पीठ लागलेल्या कपड्यांतच तो गाडीत येऊन बसला आणि त्याने रॅप करून दाखवला. वंडर माइक आणि मास्टर जी हे आणखी दोघे तिथेच जमले. तिघांनी त्याआधी कधी एकत्र गायलेले नव्हते. हार्लेममधल्या ‘शुगर हिल’ या सुखवस्तू कृष्णवर्णीय वस्तीचे नाव नव्या कंपनीला आणि या त्रिकुटालाही दिले गेले. भांडवल आले रुलेट रेकॉर्ड्सच्या मॉरिस लेव्हीकडून. न्यूयॉर्कच्या संगीतधंद्यात हे नाव लोक जरा दबक्या आवाजात घेत; माफियाशी त्याचे संबंध जगजाहीर होते.

हँक मुळात रॅपर नव्हताच. ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझचे तो काम पाही. रेकॉर्डिंग ठरल्यावर त्याने कॅझची यमकांची वही मागून घेतली आणि त्यातले जसेच्या तसे म्हटले. इतके जसेच्या तसे, की कॅझ आपले ‘कॅसानोव्हा’ हे टोपणनाव अक्षरे फोडून सांगतो, ती अक्षरेही हँकने आपलीच असल्यासारखी फोडली. ती आजही रेकॉर्डवर ऐकू येतात. कॅझला त्याबद्दल ना पैसे मिळाले ना श्रेय.

या त्रिकुटाचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे सप्टेंबर 1979 मध्ये बाजारात आले. चौदा मिनिटांहून लांब. त्याच वर्षी फॅटबॅक बँडचे ‘किंग टिम थर्ड’ थोडे आधी निघाले होते, त्यामुळे ‘पहिली रॅप रेकॉर्ड’ हा मान काटेकोरपणे द्यायचा तर त्याला द्यावा लागेल. पण रॅपची बाजारपेठ उभी केली ती ‘डिलाइट’ने. संगीत शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’चे. त्या दिवसांत दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा यंत्राने उचलण्याची सोय अशा स्टुडिओत नव्हती, म्हणून ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या बँडच्या वादकांना बसवून तीच चाल हाताने, तेवढा वेळ न थांबता वाजवून घेतली. शीकच्या नाइल रॉजर्सने न्यूयॉर्कच्या एका क्लबात आपलीच बेसची ओळ दुसऱ्याच्या बडबडीखाली ऐकली. त्याने आणि बर्नार्ड एडवर्ड्सने कोर्टाची धमकी दिली आणि गाण्याचे श्रेय व प्रकाशनहक्क मिळवले. रॉजर्सने पुढे या गाण्याचे मनापासून कौतुक केले, हेही खरे. पैसे मिळाल्यावर कौतुक सोपे जाते.

गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत 36 व्या क्रमांकापर्यंत गेले, कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या. हे क्रमांक खप पुरता सांगत नाहीत. खपाचे आकडे रॉबिन्सन मंडळी सांगत ते दर मुलाखतीत फुगत गेले, पण ते पडताळायला कंपनीने आपली वही उद्योगसंघटनेपुढे उघडलीच नाही, त्यामुळे या रेकॉर्डला तेव्हा गोल्ड-प्लॅटिनमची अधिकृत मोहोर बसली नाही. पुढच्याच वर्षी मर्क्युरी या बड्या कंपनीने काढलेल्या कर्टिस ब्लोच्या ‘द ब्रेक्स’ला ती बसली. वही न उघडण्याचा दुसरा फायदा उघड आहे: कलाकाराला रॉयल्टी किती द्यायची, हेही मग मालकच ठरवणार.

या धंद्याचे गणित बारा इंची सिंगलवर बेतलेले होते. सात इंची तबकडीच्या एका बाजूला चार-पाच मिनिटे मावतात. डिस्कोच्या काळात आलेल्या बारा इंचीत खोबणी रुंद, आवाज दणकट, वेळ भरपूर आणि किंमत जास्त. एका गाण्याला अल्बमच्या जवळपास जाणारा भाव, आणि अल्बमचा खर्च नाही. मात्र माल दुकानात पोचवायचा तो प्रांतोप्रांतीच्या स्वतंत्र वितरकांकडून, आणि या वितरकांची रीत जुनी होती: मागच्या रेकॉर्डचे पैसे पुढची चालणारी रेकॉर्ड हातात पडल्याशिवाय सुटत नसत. म्हणून शुगर हिलला थांबून चालणार नव्हते. दर थोड्या दिवसांनी नवे काहीतरी हवेच.

ते कारखान्यासारखे निघत राहिले. साउथ कॅरोलायनाहून आलेल्या तीन मुलींचा ‘द सिक्वेन्स’ 1979 मध्येच रेकॉर्ड झाला. त्यातली एक पुढे अँजी स्टोन म्हणून नावारूपाला आली. मग हार्लेममध्ये 125 व्या रस्त्यावर 1946 पासून रेकॉर्डीचे दुकान चालवणाऱ्या बॉबी रॉबिन्सनच्या ‘एन्जॉय’ या छोट्या लेबलकडे मोर्चा वळला. आडनाव एकच, नाते काही नाही. बॉबीने ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह, फंकी फोर प्लस वन, ट्रेचरस थ्री यांना पहिली संधी दिली होती. शुगर हिलने एकेक करत सगळे उचलले. बॉबीच्या नात्यातला स्पूनी जीसुद्धा तिकडे गेला. एन्जॉयपाशी कान होता; एंगलवूडपाशी कान होताच, शिवाय देशभर माल पोचवण्याची ताकद होती.

स्टुडिओत कायमचा वाद्यवृंद होता: गिटारवर स्किप मॅकडोनल्ड, बेसवर डग विम्बिश, ड्रमवर कीथ लेब्लांक, संयोजक जिग्स चेस, तालवाद्यांना एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी. आपल्या सिनेसंगीतातल्या वादकांसारखीच त्यांची गत, सूर घराघरांत आणि नाव ठाऊक नाही. सकाळी लोकप्रिय चाल ऐकायची, दुपारी ती वाजवायची, संध्याकाळी त्यावर रॅपर. स्टुडिओ आपला, वादक आपले, प्रकाशनहक्क आपले, लेबल आपले. बाहेरच्या कुणालाही पैसे मोजायला नको. शुगर हिलचा वेग आणि नफा इथून आला, आणि माझ्या मते तिचा शेवटही इथूनच सुरू झाला.

कारण या कारखान्यात डीजेला जागाच नव्हती. ज्याच्या बोटांनी ही कला घडली तो फ्लॅश आपल्याच नावाच्या रेकॉर्डवर बहुधा कुठेच नसे. त्याचे काम वाद्यवृंद करी. अपवाद 1981 चा ‘व्हील्स ऑफ स्टील’, ज्यात तीन टर्नटेबलांवर त्याने खरोखर हात चालवला. तो आजही थक्क करतो. पण तशी दुसरी रेकॉर्ड काढली गेली नाही.

1982 ची ‘द मेसेज’ तर आणखी चमत्कारिक. गाण्याचा सांगाडा ड्यूक बूटीचा: वस्तीतले दारिद्र्य, काचा, उंदीर, वैताग. फ्युरिअस फाइव्हला हे नको होते; लोक नाचायला येतात, रडायला नाही, असे त्यांचे म्हणणे. सिल्व्हियाबाई हटून बसल्या. शेवटी गटातल्या मेली मेलने होकार दिला आणि शेवटचे कडवे म्हणून 1979 मध्ये एन्जॉयसाठी केलेल्या ‘सुपररॅपिन’मधला आपला जुना मजकूर आणून जोडला. रेकॉर्डवरच्या गायनात मुख्यतः मेली मेल आणि बूटी. आवरणावर नाव मात्र साऱ्या गटाचे आणि फ्लॅशचे. गाणे मुख्य यादीत 62 च्या वर गेले नाही. तरी 2002 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनासाठी ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तेव्हा हिप-हॉपमधून हीच निवडली गेली. श्रेयनामावलीत बूटी, मेल आणि चेस यांच्याबरोबर सिल्व्हिया रॉबिन्सन हेही नाव आहे. कलाकारांच्या तक्रारींत हा मुद्दा वारंवार येतो. मला तो इथे तरी अर्धाच पटतो: बाई अडून बसल्या नसत्या तर हे गाणे निघालेच नसते. पण हट्ट धरणे म्हणजे गीत लिहिणे नव्हे, आणि रॉयल्टी गीत लिहिणाऱ्याला मिळते.

गट फुटला. 1983 मध्ये फ्लॅशने रॉयल्टी आणि नावासाठी कंपनीवर दावा लावला आणि तो इलेक्ट्रा या कंपनीत गेला. मागे राहिलेल्या मेली मेलची ‘व्हाइट लाइन्स’ ही कोकेनवरची रेकॉर्ड त्याच वर्षी आली, तर आवरणावर ‘ग्रँडमास्टर अँड मेली मेल’. फ्लॅशचा तिच्याशी संबंध नव्हता. गिऱ्हाइकाला मात्र तो आहे असे वाटावे. बेसची ओळ लिक्विड लिक्विड या बँडच्या ‘कॅव्हर्न’वरून घेतलेली. त्यांच्या ‘99 रेकॉर्ड्स’ या चिमुकल्या लेबलने दावा लावला, तो खर्च त्याला पेलला नाही आणि ते लेबल बंद पडले. ती ओळ रचणारा रिचर्ड मग्वायर पुढे चित्रकार झाला आणि ‘हिअर’ या चित्रकादंबरीने जगभर पोचला.

तेवढ्यात जमीन हलली होती. 1982 मध्ये टॉमी बॉय लेबलच्या ‘प्लॅनेट रॉक’ने तालयंत्र पुढे आणले. 1983 मध्ये प्रोफाइल या लेबलने रन-डीएमसीची पहिली रेकॉर्ड काढली: एक ड्रम मशीन, दोन आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. पगारी वाद्यवृंदाची मिजास एका झटक्यात जुनी झाली. लेब्लांक, विम्बिश आणि मॅकडोनल्ड यथावकाश लंडनच्या एड्रियन शेरवूडबरोबर काम करू लागले.

रोकड आटत असताना रॉबिन्सन मंडळींनी एमसीए या बड्या कंपनीशी वितरणाचा करार केला. जुळवून दिला साल्वातोर पिसेलोने. रेकॉर्ड धंद्याचा त्याला अनुभव शून्य, गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याची पोलिसांत नोंद. एमसीएच्या दारात तो कसा पोचला, हा 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसमधला मोठा घोटाळा ठरला; करचुकवेगिरीत पिसेलो दोषी ठरला, एमसीएच्या एकाही अधिकाऱ्यावर आरोप ठेवला गेला नाही. याच पिसेलोने जुळवलेल्या, एमसीएच्या मोडीत काढलेल्या रेकॉर्डींच्या सौद्यातून मॉरिस लेव्हीवर खंडणीच्या कटाचा खटला उभा राहिला आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. तुरुंगात जाण्याआधीच, 1990 मध्ये, तो वारला.

रॉबिन्सन दांपत्याचे नुकसान वेगळेच. 1975 मध्ये, ऑल प्लॅटिनमच्या बऱ्या दिवसांत, त्यांनी शिकागोच्या ‘चेस’ लेबलचा सगळा खजिना विकत घेतला होता: मडी वॉटर्स, हाउलिंग वुल्फ, चक बेरी. एमसीएशी देवघेव करता करता तो एमसीएच्या पदरात गेला. आज तो युनिव्हर्सलकडे आहे आणि त्याचे मोल रॅपच्या कितीतरी गल्ल्यांहून मोठे. आपण फसवलो गेलो, असा दावा शुगर हिलने एमसीएवर लावला. कराराच्या बारीक अक्षरांची तक्रार या पेढीने करावी, यावर तिच्या जुन्या कलाकारांना हसू आले असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

1980 च्या दशकाच्या मध्यानंतर पेढी उठली. 1995 मध्ये ऱ्हायनो रेकॉर्ड्सने तिच्या मूळ टेपा विकत घेतल्या; ऱ्हायनो पुढे वॉर्नरच्या पोटात गेले. 2002 मध्ये एंगलवूडचा स्टुडिओ आगीत जळाला. जो 2000 मध्ये, सिल्व्हियाबाई 29 सप्टेंबर 2011 रोजी, बिग बँक हँक 2014 मध्ये गेले. त्रिकुटाच्या ‘शुगरहिल गँग’ या नावाचा हक्क रॉबिन्सन कुटुंबाकडे राहिला होता. जोई ज्युनिअर स्वतःच ‘मास्टर जी’ म्हणून मंचावर उभा राहू लागला, आणि खऱ्या मास्टर जी व वंडर माइकला आपल्याच नावासाठी कोर्टात जावे लागले. त्या लढ्यावर माहितीपट निघाला. 2022 मध्ये सिल्व्हियाबाईंना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा अहमेट एर्टेगन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. ‘रॅपर्स डिलाइट’ची रचना आज रॉजर्स आणि एडवर्ड्स यांच्या नावावर आहे, मूळ टेप वॉर्नरकडे आहे. कॅझचे नाव त्या कागदांत अजून आलेले नाही.