केंटनचा नाताळ: बिग बँडच्या पितळी वाद्यांवरील कॅरोल

नाताळच्या पारंपरिक गीतांना, म्हणजे कॅरोलना, जॅझच्या बिग बँडसाठी बांधणे हे वरवर दिसते तितके सोपे काम नाही, कारण यांतील बहुतेक गीते संयोजकाच्या हाती येतात तेव्हा चार कंठांसाठी आधीच पक्की बांधलेली असतात. प्रार्थनासंगीताच्या पुस्तकात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास हे चारही आवाज जवळजवळ प्रत्येक मात्रेला नवा कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी उमटणारा स्वरसमूह, घेतात. जॅझच्या वादकाला मात्र एखादा कॉर्ड थोडा वेळ टिकलेला हवा असतो, कारण त्या अवकाशातच त्याच्या उत्स्फूर्त वादनाला जागा मिळते. शिवाय कॅरोलमध्ये तीच चाल कडव्यामागून कडव्याला तशीच येते, त्यामुळे वैविध्य सर्वस्वी संयोजकालाच निर्माण करावे लागते.

कोणते गीत जॅझच्या डोलत्या लयीत, म्हणजे स्विंगमध्ये, सहज बसते आणि कोणते नाही, याबाबत 1857 हे वर्ष बोलके आहे. त्याच वर्षी ‘जिंगल बेल्स’ छापले गेले आणि जॉन हेन्री हॉपकिन्स यांनी ‘वी थ्री किंग्ज’ रचले. पहिले गाणे मुळात घसरगाडीचे, चार मात्रांत सहज डोलणारे. ते 1941 मध्ये ग्लेन मिलर यांच्या बँडने स्विंगमध्ये आणले, तेव्हा त्याची फारशी मोडतोड करावी लागली नाही. दुसरे तीनच्या लयीत चालते, त्याचे कडवे मायनर पट्टीत असते आणि धृपद मेजरमध्ये उजळते, म्हणून त्यावर चार मात्रांचे स्विंग लादले की त्याचा संथ, वाटचालीसारखा डौल हरवतो.

जॅझ संयोजक फ्लेचर हेंडरसन आणि डॉन रेडमन यांनी 1920च्या दशकात रुळवलेल्या रचनेनुसार बिग बँडमध्ये सॅक्सोफोन, ट्रम्पेट व ट्रॉम्बोन असे वादकांचे ताफे एकमेकांना प्रश्नोत्तरासारखे उत्तर देतात, आणि पियानो, बास, ड्रम यांचा तालविभाग त्यांना धरून ठेवतो. अमेरिकन बँडप्रमुख स्टॅन केंटन यांनी 1961 मध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी ‘अ मेरी ख्रिसमस!’ ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा त्यांनी या सांगाड्यातून सॅक्सोफोनचा ताफाच बाजूला ठेवला. उरली ती पितळी वाद्ये आणि तालविभाग. म्हणजे बँड नकळत पुन्हा चर्चच्या गायकवृंदाच्या जवळ गेला. त्यांत चार मेलोफोनियम होते. मेलोफोनियम हे कॉन कंपनीचे, समोर तोंड असलेले आणि ट्रम्पेट व ट्रॉम्बोन यांच्यामधली पोकळी भरण्यासाठी केंटन यांनी आणलेले वाद्य. ते सुरात ठेवणे कठीण होते आणि वादकांत ते कधी लाडके झाले नाही. तरी या मुद्रिकेत आल्टो आणि टेनर यांच्या जागा तेच सांभाळते, आणि त्याचा किंचित धुरकट आवाज नसता तर उरलेला मेळ फार चकचकीत वाटला असता.

बहुतेक संयोजने राल्फ कारमायकेल यांची आहेत. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेले कारमायकेल 1960 मध्ये गायक नॅट किंग कोल यांच्या नाताळच्या मुद्रिकेचे संयोजक होते, आणि प्रार्थनासंगीत त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. चाल कोठे अजिबात हलवायची नाही हे त्यांना कळत होते, आणि या कलेत ते जाणणे विरळ आहे: ते मूळ स्वर जागेवर ठेवतात, त्यांखालचे कॉर्ड बदलतात आणि कडव्यांमध्ये पट्टी चढवून मेळाचा रंग पालटतात. याला जॅझ म्हणावे काय, हा आक्षेप रास्त आहे. उत्स्फूर्त वादन येथे फारच थोडे आहे. तरीही स्विंगच्या आग्रहाने कॅरोल मोडणाऱ्या कित्येक संयोजनांपेक्षा ही अधिक टिकाऊ ठरली.

चर्चमधून बँडकडे जाणारी ही वाट गोव्यालाही परिचित आहे. तेथील चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात स्थिरावले. लिहिलेल्या चार आवाजांची सवय त्यांना लहानपणापासून होती.

केंटन यांनी 1963 नंतर मेलोफोनियम सोडून दिले. ‘अ मेरी ख्रिसमस!’मधील संयोजने मात्र अमेरिकेत डिसेंबरमध्ये पितळी वाद्यांचे ताफे अजूनही वाजवतात, आणि मेलोफोनियमसाठी लिहिलेले भाग आता बहुधा फ्रेंच हॉर्नवर वाजवले जातात.